भिंतीएवढा प्लाझ्मा टीव्ही आला कुठून आणि गेला कुठे?

२०१० च्या जानेवारीत लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात पॅनासॉनिकने १५२ इंचांचा प्लाझ्मा टीव्ही मांडला. रुंदी सुमारे ३.४ मीटर, उंची १.८ मीटर. वन बीएचकेच्या हॉलमध्ये दहा फुटांची भिंत असेल, तर हा टीव्ही तिच्यावरून फूटभर बाहेर येणार. वजन पाचशे किलोंच्या वर. वीज सुमारे ३,७०० वॅट, म्हणजे दीड टनाचे दोन एसी एकदम चालवले तर लागेल साधारण तेवढी. विक्रीला आला तेव्हा किंमत पाच लाख अमेरिकी डॉलरच्या पलीकडे होती.

त्याच वर्षी जगभरात १ कोटी ८२ लाख प्लाझ्मा टीव्ही विकले गेले. हा या तंत्राचा सर्वोच्च आकडा. त्यानंतर चार वर्षांत पॅनासॉनिक, सॅमसंग आणि एलजी या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा बनवणं थांबवलं. ‘एलसीडी चांगला निघाला म्हणून प्लाझ्मा गेला’ असं सरसकट सांगितलं जातं. चित्राच्या दर्जापुरतं बोलायचं तर ते खरं नाही. प्लाझ्मा ज्या एका गोष्टीच्या जोरावर वर आला, ती म्हणजे आकार. तोच दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्याच्याकडे दुकानात दाखवून विकण्यासारखं फारसं काही उरलं नाही. हे कसं झालं ते कळायला आधी पडद्याच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल.

प्लाझ्माचा पडदा म्हणजे काचेच्या दोन पातळ तावांमध्ये कोंडलेले लाखो बारीक कप्पे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. म्हणजे एकूण ६२ लाखांच्या वर. प्रत्येक कप्प्यात निऑन आणि झेनॉन वायूंचं मिश्रण भरलेलं असतं. दोनशे व्होल्टच्या घरातला विद्युतदाब दिला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू वीज वाहून न्यायला लागतो. या अवस्थेलाच प्लाझ्मा म्हणतात. त्यात झेनॉन अतिनील किरण सोडतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण कप्प्याच्या आतून लावलेल्या फॉस्फरच्या लेपावर ते पडले की लेप उजळतो आणि लेप ज्या रंगाचा, त्या रंगाचा उजेड बाहेर येतो. घरातली जुनी ट्यूबलाइट अशीच चालते, फक्त तिच्यात झेनॉनऐवजी पाऱ्याची वाफ असते. तेव्हा प्लाझ्मा टीव्ही म्हणजे साठ लाख रंगीत ट्यूबलाइट, आणि त्यांतली प्रत्येक सेकंदात शेकडो वेळा पेटते आणि विझते.

इथे एक अडचण आहे. अशा कप्प्याला मंद पेटता येत नाही. तो पेटतो नाही तर विझतो, अधलंमधलं काही नाही. मग करडा रंग, गालावरची सावली, संध्याकाळचं आभाळ दाखवायचं कसं? उत्तर वेळेच्या हिशेबात सापडलं. टीव्हीवरचं प्रत्येक चित्र दिसण्याचा वेळ आठ-दहा तुकड्यांत विभागायचा आणि तुकड्यांची लांबी १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढवत १२८ पर्यंत न्यायची. कोणत्या तुकड्यांत कप्पा पेटवायचा ते ठरवलं की काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात. डोळा या लुकलुकीची बेरीज करून एकच छटा पाहतो. ही युक्ती फार सुंदर आहे, पण तिला एक खोट होती. १२७ क्रमांकाच्या छटेला पहिले सात तुकडे पेटतात आणि आठवा विझलेला असतो. १२८ ला नेमकं उलट. छटा जवळजवळ तीच, पण पेटण्याच्या वेळा साफ वेगळ्या. त्यामुळे चेहरा हळूच वळला की गालावर नकाशातल्यासारख्या रेषा उमटायच्या. त्या घालवण्यात अभियंत्यांची कित्येक वर्षं गेली. जाहिरातीत झळकणारं ‘६०० हर्ट्झ’ याच तुकड्यांच्या मोजणीतून आलेलं. सेकंदाला सहाशे वेगळी चित्रं दिसतात, असा त्याचा अर्थ नव्हता.

हे सगळं टीव्हीसाठी शोधलेलंच नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन हे प्लेटो नावाच्या संगणकीय शिक्षणव्यवस्थेवर काम करत होते. विद्यार्थ्यासमोर पडदा हवा होता. पण साध्या पिक्चर ट्यूबवरचं चित्र टिकवायचं तर ते सेकंदाला अनेकदा पुन्हा काढावं लागतं आणि त्यासाठी चित्र कुठेतरी साठवून ठेवावं लागतं. त्या काळी संगणकाची मेमरी भयंकर महाग होती. या तिघांनी वायूच्या कप्प्याला काचेचं आवरण देऊन उलटसुलट दिशेची वीज वापरली. कप्पा एकदा पेटला की काचेच्या भिंतीवर विद्युतभार साचतो. त्यामुळे पुढच्या खेपेला कमी विद्युतदाबातही तो पुन्हा पेटतो, आणि न पेटलेला तसाच राहतो. म्हणजे पडदाच आपली स्थिती लक्षात ठेवतो, वेगळी मेमरी लागत नाही. पुढे मोठ्या टीव्हीचा पाया ठरलेला हा शोध मेमरीचे पैसे वाचवण्यासाठी लागला होता, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते.

तो पडदा एकरंगी, निऑनच्या नारिंगी उजेडाचा. ऐंशीच्या दशकात आयबीएमने त्याचे १९ इंची पडदे काढले, तोशिबाच्या टी३१०० सारख्या उचलून नेता येणाऱ्या संगणकांवरही तो बसला. मग एलसीडी आला, स्वस्त पडला आणि प्लाझ्मा अडगळीत जाऊ लागला. म्हणजे एलसीडीकडून त्याची ही पहिली हार, टीव्ही होण्याच्याही आधीची. आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातला आपला कारखाना सोडायचं ठरवलं, तेव्हा इलिनॉयमध्येच शिकलेल्या लॅरी वेबर यांनी साथीदारांसह १९८७ मध्ये प्लाझ्माको ही कंपनी काढून ती यंत्रं घेतली. वेबर यांचं मोठं काम विजेच्या बचतीचं. कप्प्याच्या भिंतींवर भार चढवताना-उतरवताना जी वीज फुकट जायची, ती परत गोळा करून वापरणारं सर्किट त्यांनी बसवलं. ते नसतं तर मोठा पडदा चालवणं अवघडच होतं. १९९६ मध्ये पॅनासॉनिकच्या मूळ कंपनीने, मात्सुशिताने, प्लाझ्माको विकत घेतली.

इकडे जपानमध्ये फुजित्सु कंपनीत त्सुताए शिनोदा रंगीत प्लाझ्माच्या मागे लागले होते. पेटलेल्या वायूतले विद्युतभारित कण आपटून फॉस्फरचा लेप खराब व्हायचा. त्यांनी पेटवणारे विद्युताग्र (इलेक्ट्रोड) पुढच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि फॉस्फर मागच्या काचेवर नेला, त्यामुळे मारा थेट लेपावर होईना. १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा आला, १९९५ मध्ये ४२ इंची. १९९७ मध्ये फिलिप्सने फुजित्सुचा ४२ इंची पडदा घेऊन अमेरिकेत टीव्ही विकायला काढला, १४,९९९ डॉलरला. तेव्हाच्या दराने पाच लाख रुपयांच्या वर.

आता मुख्य प्रश्न. मोठं व्हायला प्लाझ्माच का? पिक्चर ट्यूब आतून निर्वात असते, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब पेलायला काच जाड लागते. ३६ इंचांचा ट्यूबवाला टीव्ही उचलायलाही तीन माणसं लागायची. एलसीडीत प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर काचेवर घडवावे लागतात. ते काम चिप बनवण्याइतकं नाजूक, आणि काच जितकी मोठी तितकी कुठेतरी दोष निघण्याची शक्यता जास्त. प्लाझ्माचे कप्पे त्यामानाने धसमुसळे. त्यांच्या भिंती, लेप, तारा यांतलं बरंचसं काम छपाईच्या जवळ जाणारं. ४२ इंची सुरुवातीच्या पडद्यात आडवे ८५२ ठिपके होते, म्हणजे एकेक ठिपका मिलिमीटरहून रुंद. असं काम मोठ्या काचेवर जमतं. म्हणून २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात उद्योगात सरळ वाटणी मानली जात होती: चाळीस इंचांच्या खाली एलसीडी, वर प्लाझ्मा.

या वाटणीवर भरवसा ठेवून शर्यत सुरू झाली. सॅमसंगने १०२ इंची पडदा दाखवला. २००६ मध्ये पॅनासॉनिकने १०३ इंची आणला आणि सुमारे ७०,००० डॉलरला विकलाही. २००८ मध्ये १५० इंच, मग १५२. या आकड्यांमागची मेख अशी की टीव्हीचे पडदे कधीच एकेकटे बनत नाहीत. कारखान्यात एक भलीमोठी काच घेतात, तिच्यावर अनेक पडदे एकदम घडवतात आणि शेवटी कापतात. १५० इंची पडद्याचं क्षेत्रफळ भरतं बरोबर नऊ ५० इंची पडद्यांएवढं, तीन आडवे, तीन उभे. १०३ इंची म्हणजे साधारण चार. तो अजस्र टीव्ही कापायचीच राहिलेली काच होती, असं म्हटलं तरी चालेल. ‘आमच्या कारखान्यात एवढी मोठी काच निर्दोष निघते’ हे स्पर्धकांना आणि गुंतवणूकदारांना दाखवण्याचा तो मार्ग. घेणारे शेख आणि हॉटेलं असतीलही, पण कंपनीचा धंदा ४२ आणि ५० इंचांवर चालत होता.

आणि मोठी काच आता फक्त प्लाझ्मावाल्यांकडे राहिली नव्हती. शार्पने २००६ मध्ये कामेयामाच्या दुसऱ्या कारखान्यात २.१६ गुणिले २.४६ मीटरच्या काचेवर एलसीडी घडवायला घेतले आणि २००७ च्या जानेवारीत त्याच लास व्हेगासच्या प्रदर्शनात १०८ इंची एलसीडी मांडला. पॅनासॉनिकच्या १०३ पेक्षा पाच इंच जास्त. बाजारातल्या ग्राहकाला त्याने काही फरक पडला नाही, पण चाळीस इंचांची ती लक्ष्मणरेषा पुसली गेल्याचं सगळ्यांना दिसलं. एलसीडीकडे आणखी एक बळ होतं. लॅपटॉप, मॉनिटर, मोबाइल, सगळ्यांना एलसीडीच लागत होता. यंत्रं बनवणारे, काच पुरवणारे, रसायनं देणारे सगळे त्याच्यासाठी राबत होते. प्लाझ्माला गिऱ्हाईक एकच, मोठा टीव्ही.

विजेचा हिशेब मात्र प्लाझ्माच्या हाडातच चुकीचा होता. चांगली ट्यूबलाइट एका वॅटमागे साठ-ऐंशी ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) उजेड देते, प्लाझ्माचा कप्पा एक-दोन ल्युमेनच्या आसपास. तत्त्व तेच, मग एवढा फरक का? एक तर कप्पा इतका अरुंद की इलेक्ट्रॉन काम करायच्या आधीच भिंतीवर आपटून वाया जातात. दुसरं म्हणजे झेनॉनच्या अतिनील किरणात पाऱ्याच्या किरणापेक्षा खूप जास्त ऊर्जा असते, पण त्या एका कणातून फॉस्फर दृश्य उजेडाचा एकच कण देतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. आता गंमत पाहा. एलसीडी काही काटकसरी नव्हे. त्याच्या मागचा दिवा सतत जळतो आणि त्यातला जेमतेम ५ टक्के उजेड पडद्यातून बाहेर पडतो. तरीही तो जिंकला, कारण मागचा दिवा मुळातच इतका कार्यक्षम की एवढी उधळपट्टी करूनही बिल कमी. शिवाय एलईडी दिवे सुधारले की एलसीडी आपोआप सुधारायचा. प्लाझ्माला हे भाग्य नव्हतं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने टीव्हीच्या विजेवर मर्यादा घालणारे अमेरिकेतले पहिले नियम मंजूर केले आणि ते २०११ पासून लागू केले, तेव्हा मोठ्या प्लाझ्मावाल्यांना घाम फुटला.

याच अरुंद कप्प्याने पुढची वाटही बंद केली. १५० इंची पडद्यावर ४०९६ गुणिले २१६० ठिपके होते, म्हणजे आजच्या भाषेत फोरके, तेही २००८ मध्ये. पण ठिपका किती मोठा? सुमारे ०.८ मिलिमीटर. ५० इंची पडद्यावर फोरके बसवायचं तर ठिपका ०.२९ मिलिमीटरवर येतो आणि त्यात तीन कप्पे, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ०.१ मिलिमीटर. त्यातली बरीच जागा भिंतीच खाणार, उजेड घटणार, वीज वाढणार. भिंतीएवढा फोरके बनवणं प्लाझ्माला जमलं, घरातला परवडेना. घरातल्या आकाराच्या फोरकेवर बाजार सरकला, तेव्हा प्लाझ्मा तिथे नव्हता.

चित्राचं म्हणाल, तर जाणकार शेवटपर्यंत प्लाझ्माच्याच बाजूचे होते. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खोल, बाजूने पाहिलं तरी रंग उडत नाहीत, आणि पळणारा चेंडू पुसट होत नाही. २००७ मध्ये पायोनियरने काढलेल्या ‘कुरो’ मालिकेने तर कहर केला. प्लाझ्मात कप्पे झटकन पेटावेत म्हणून प्रत्येक चित्राआधी त्यांना किंचित चेतवून ठेवावं लागतं, त्यामुळे काळ्यातही फिकट झाक राहते. कुरोने ती इतकी कमी केली की पुढे कित्येक वर्षं समीक्षक नव्या टीव्हींची तुलना तिच्याशी करत राहिले. पण ही सगळी श्रीमंती दिसते अंधाऱ्या खोलीत. दुकानात डोक्यावर लख्ख दिवे, प्लाझ्माच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब, आणि शेजारी भडक रंगात उजळलेला एलसीडी. गिऱ्हाइकाने त्या पाच मिनिटांत एलसीडीकडे बोट दाखवलं, यात त्याचा दोष नाही. पायोनियरने २००९ च्या फेब्रुवारीत टीव्हीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

पॅनासॉनिकने उलटा विचार केला: कारखाना आणखी मोठा केला की माल स्वस्त पडेल. जपानमध्ये आमागासाकीला त्यांनी एकामागून एक कारखाने उभारले. शेवटचा, सर्वांत मोठा, २००९ च्या अखेरीस सुरू झाला आणि २०११ मध्ये तो थांबवायचा निर्णय झाला. जागतिक मंदीनंतर टीव्हीच्या किमती कोसळल्या होत्या, येन महागला होता, आणि अर्धा रिकामा चालणारा अवाढव्य कारखाना लहान कारखान्यापेक्षा जास्त रक्त पितो. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा तोटा ७७२ अब्ज येन. त्यात प्लाझ्माबरोबर इतरही व्यवसायांचा वाटा होता, पण टीव्हीची जखम मोठी होती. ३१ ऑक्टोबर २०१३ ला प्लाझ्मा बंद करण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीही थांबले. शार्पलाही त्या मोठमोठ्या काचा पचल्या नाहीत. २०१६ मध्ये ती कंपनी तैवानच्या फॉक्सकॉनने ताब्यात घेतली.

भारतात प्लाझ्मा आला तेव्हा तो हौसेचा आणि ऐपतीचा विषय होता. महाराष्ट्रात तर भारनियमनाची वर्षं चालू होती. घरच्या लहान इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि चार दिवे चालायचे, तीन-चारशे वॅट ओढणारा ५० इंची प्लाझ्मा लावला तर बॅटरी बघता बघता बसायची. दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्यांच्या पडद्यावर वाहिनीचं चिन्ह आणि खालची पट्टी कायमची उमटायची, कारण सतत उजळणारा फॉस्फर शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतो. एक त्रास मात्र मराठी घरांना नव्हता. पडद्यातला वायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाखाली असतो, आणि साधारण दोन हजार मीटरच्या वर बाहेरची हवा विरळ झाली की पडदा गुणगुणायला लागतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर थांबतं. सिमल्याच्या किंवा लेहच्या माणसाला हा आवाज भेटू शकत होता.

दुबई-बँकॉकहून येताना विमानातून टीव्ही आणायची टूम आठवत असेल. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने शुल्कमुक्त सामानात टीव्ही आणायची सवलत काढून घेतली आणि सपाट टीव्हीवर ३६ टक्क्यांच्या आसपास शुल्क बसवलं. २०१६ च्या बॅगेज नियमांच्या यादीतही एलसीडी, एलईडीच्या जोडीने प्लाझ्माचं नाव होतं, बनवणं थांबून दोन वर्षं झाली होती तरी.

अजून घरात चालू प्लाझ्मा असेल तर तो लगेच काढायची गरज नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट मध्यावर ठेवा, वृत्तवाहिनी तासन् तास लावू नका, आणि सिनेमा रात्री दिवे घालवून पाहा. चित्र आधी फिकट न होता टीव्ही एकदम सुरूच होईनासा झाला असेल, तर बहुधा पॉवर सप्लायचं बोर्ड गेलेलं असतं आणि चांगला कारागीर ते दुरुस्त करू शकतो. पण मागचं झाकण स्वतः उघडू नका, स्विच बंद केल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतदाब राहतो. काचेला तडा गेला असेल तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नवा पडदा कुणी बनवत नाही, आणि जुना मिळाला तरी त्याच्या किमतीत आज त्याहून मोठा एलईडी टीव्ही येतो. तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. वजन भरपूर आहे, त्यामुळे उचलायला दोघं जा आणि नेताना टीव्ही आडवा न घालता उभाच ठेवा.